बिमल रॉय दाखवा, पण कॅमेऱ्यापासून

महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांचे चालक, चित्रपट महोत्सवांचे आयोजक आणि रसग्रहण शिबिरं भरवणारे कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

'दो बिघा जमीन'ची दुरुस्त केलेली नवी प्रत २०२५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. तेव्हापासून तुमच्यापैकी अनेकांच्या मनात बिमल रॉय यांच्या चित्रपटांचा एखादा आठवडा करावा असं घोळत असणार. यादी पक्की व्हायच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून लिहितो आहे.

ती यादी मला न बघताही सांगता येईल. 'दो बिघा जमीन', 'देवदास', 'मधुमती', 'सुजाता', 'बंदिनी'. जागा उरली तर 'परख' नाहीतर 'परिणीता'. उद्घाटनाचे पाहुणे त्यांना मानवतावादी दिग्दर्शक म्हणतील, दुसरे वक्ते सामान्य माणसांचं जगणं खऱ्या जागी चित्रित करणाऱ्या इटलीच्या नववास्तववादाकडे वळतील, कुणीतरी सलील चौधरींची दोन गाणी म्हणेल आणि दिवे मालवले जातील. यात खोटं काहीच नाही. पण त्या दिग्दर्शकाच्या आधीचा जो कॅमेरामन बिमल रॉय, त्याचं नावही कुणी काढणार नाही, आणि माझी तक्रार तिथे आहे. तुमचा कार्यक्रम १९५३ पासून सुरू करू नका. १९३५ पासून सुरू करा.

कारण सांगतो.

ढाका जिल्ह्यातल्या सुआपूर गावच्या जमीनदार घराण्यात १२ जुलै १९०९ ला बिमल रॉय जन्मले. वडील गेल्यावर इस्टेटीच्या कारभाऱ्यानेच कुटुंबाला देशोधडीला लावलं आणि हा तरुण घरच्यांना घेऊन कलकत्त्याला आला. (जमीन हातची जाणं म्हणजे काय हे त्यांना कादंबरीतून शिकावं लागलं नव्हतं. तरीही पुढे 'दो बिघा जमीन'मध्ये त्यांनी नायक केला तो जमीन गमावणारा शेतकरी शंभू महातो, जमीनदार नव्हे.) कलकत्त्यात बी. एन. सरकारांची न्यू थिएटर्स ही कंपनी १९३१ मध्ये उभी राहिली होती. तिथे कॅमेरा विभाग नितीन बोस यांच्या हाताखाली होता आणि त्याच विभागात बिमल रॉय साहाय्यक म्हणून लागले. म्हणजे सुरुवात ट्रायपॉड उचलण्यापासून.

नितीन बोस हे नाव आपल्याकडे 'दीदार' आणि 'गंगा जमना'चे दिग्दर्शक म्हणून माहीत आहे, पण ते मुळात कॅमेरामन. देवकी बोस यांच्या १९३२ च्या बंगाली 'चंडीदास'चं छायाचित्रण त्यांचं होतं आणि दोन वर्षांनी त्याच कथेचा हिंदी चित्रपट त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. १९३५ मध्ये 'भाग्यचक्र' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'धूप छाँव' करताना त्यांच्याच युनिटने पार्श्वगायनाची पद्धत रुजवली. कॅमेऱ्यामागचा माणूस दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला तर न्यू थिएटर्समध्ये कुणाची भुवई उंचावत नसे. आपल्या प्रभातमध्ये तरी काय वेगळं होतं? १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन करणाऱ्या पाच भागीदारांपैकी केशवराव धायबर हे बाबूराव पेंटरांच्या तालमीतले कॅमेरामन. 'अमृतमंथन'मध्ये चंद्रमोहनचा तो एकच डोळा पडदाभर पसरतो, त्याची आठवण अजून निघते, पण ते दृश्य टिपणाऱ्या धायबरांची निघत नाही. १९३६ मध्ये त्यांनी 'राजपूत रमणी' दिग्दर्शित केला आणि मग ते प्रभातमधून बाहेर पडले. पुण्यात ज्या आवारात आज चित्रपटविद्येचे धडे दिले जातात ते प्रभातचंच आवार, पण धायबरांच्या नावाने एखादा कार्यक्रम झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. असो. ते वेगळं पत्र होईल.

पुन्हा कलकत्त्याकडे. प्रमथेश बरुआ आसामातल्या गौरीपूरचे राजपुत्र. युरोपात जाऊन स्टुडिओतली कृत्रिम प्रकाशयोजना बघून आलेले. त्यांनी शरदबाबूंच्या 'देवदास'वर बंगालीत आणि हिंदीत चित्रपट केले. बंगालीत ते स्वतः देवदास होते, हिंदीत कुंदनलाल सैगल. सैगलच्या त्या 'देवदास'चं छायाचित्रण पंचविशीतल्या बिमल रॉय यांनी केलं. सैगलचं गाणं ऐकायला लोक तो चित्रपट बघतात आणि डोळे मिटून बसतात. तुम्ही त्यांना डोळे उघडे ठेवायला लावा. शेवटच्या प्रवासात आजारी देवदास आगगाडीत पडून आहे. तो तिकडे हाक मारतो आणि इकडे पारो अडखळते. दोन ठिकाणांमध्ये ये-जा करून एका वेदनेच्या दोन बाजू दाखवण्याची ही रीत त्या काळी हिंदी चित्रपटात नवीच होती. श्रेय अर्थातच बरुआंचं. पण अशी कातरजुळणी साधायची तर दोन्ही ठिकाणचा उजेड, चेहऱ्यांचं अंतर, नजरेची दिशा जुळावी लागते, आणि ते काम कॅमेऱ्यामागच्या माणसाचं असतं. १९३७ च्या 'मुक्ती'त बरुआंनी कॅमेरा थेट आसामच्या रानात नेला. तोही बिमल रॉय यांनीच चित्रित केलेला. स्टुडिओतला दिवा आणि रानातलं ऊन, दोन्हींचं वळण या माणसाला विशी-तिशीतच लागलं.

बरुआंबरोबर काम करण्याचा आणखी एक फायदा होता. अभिनेते म्हणून बरुआ अतिशय संयमी होते. त्या काळातल्या पारशी रंगभूमीच्या आवाजी अभिनयापुढे ते जवळजवळ काहीच करत नाहीत असं वाटायचं. नट हातवारे करत नसेल तर प्रेक्षकाला त्याच्या मनातलं कळावं कसं? ते ओझं मग उजेडावर येतं. चेहऱ्याचा कुठला भाग दिसू द्यायचा, कुठला झाकायचा, माणूस चौकटीत कुठे उभा करायचा, त्याच्या मागे किती रिकामी जागा सोडायची. बिमल रॉय यांच्या पुढच्या सगळ्या चित्रपटांतले नट हळू बोलतात. दिलीपकुमार, नूतन, बलराज साहनी, सगळेच. आपण म्हणतो त्यांनी नटांकडून संयम काढून घेतला. मला वाटतं, नटाने संयम ठेवला तरी चित्र बोलतं हे त्यांना आधी कॅमेऱ्यातून दिसलं, आणि म्हणून नटाकडून जास्त मागायची त्यांना गरज पडली नाही.

दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट 'उदयेर पथे' १९४४ चा, बंगाली. कारखानदाराच्या घरातली मुलगी आणि गरीब लेखक यांची गोष्ट. कलकत्त्यात तो तुफान चालला. पुढच्या वर्षी त्याची हिंदी आवृत्ती 'हमराही' आली. 'जन गण मन' राष्ट्रगीत होण्याच्या कितीतरी आधी या चित्रपटात गाणं म्हणून येतं, म्हणून प्रश्नमंजूषेत त्याला जागा मिळते. फाळणीनंतर कलकत्त्याच्या चित्रपटव्यवसायाची घडी विस्कटली, न्यू थिएटर्स थकली, आणि बॉम्बे टॉकीजच्या 'माँ'साठी (१९५२) बिमल रॉय मालाडला आले. बरोबर हृषिकेश मुखर्जी, नवेंदु घोष, असित सेन, कॅमेरामन कमल बोस अशी माणसं. पुढे अंधेरीच्या मोहन स्टुडिओत 'बिमल रॉय प्रॉडक्शन्स'चं बिऱ्हाड थाटलं गेलं आणि ८ जानेवारी १९६६ ला, वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी कर्करोगाने जाईपर्यंत हा माणूस मुंबईचाच राहिला.

पुरस्कारांचा हिशोब पटकन उरकतो. फिल्मफेअरच्या पहिल्याच वर्षी दिग्दर्शनाचा मान त्यांचा आणि तो एकूण सात वेळा. 'मधुमती'ला नऊ. 'दो बिघा जमीन'ला १९५४ च्या कान महोत्सवात आंतरराष्ट्रीय पुरस्कार. तुमच्या माहितीपत्रकात हे सगळं येईलच, नेहमीच येतं.

मला थांबायचं आहे ते १९५५ च्या 'देवदास'पाशी.

ज्या गोष्टीचं छायाचित्रण आपण वीस वर्षांपूर्वी केलं तीच गोष्ट दिग्दर्शक म्हणून पुन्हा करायची, असा योग किती कॅमेरामनांच्या वाट्याला आला असेल? बिमल रॉय यांनी तो चित्रपट बरुआ आणि सैगल यांच्या स्मृतीला अर्पण केला. छायाचित्रणाला कमल बोस, पटकथा नवेंदु घोष यांची, संवाद राजिंदर सिंह बेदींचे. तुम्ही दोन्ही 'देवदास' एका दिवशी दाखवा असं मी म्हणत नाही, प्रेक्षकांचाही विचार करायला हवा. पण शेवटचा रेल्वेप्रवास दोन्ही चित्रपटांतला काढा आणि एकामागून एक लावा. वीस वर्षांत एका माणसाची नजर कुठून कुठे आली हे व्याख्यानाशिवाय कळेल. नंतर पारो आणि चंद्रमुखी रस्त्यात समोरासमोर येतात ते दृश्य लावा. एक पालखीत, एक पायी. दोघींना एकमेकींची ओळख नाही. क्षणभर नजरा मिळतात आणि दोघी आपापल्या वाटेने जातात. शब्द एकही नाही. एखाद्या लेखकी दिग्दर्शकाने इथे निदान एक वाक्य तरी घातलं असतं. वैजयंतीमालाने पुढे सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार नाकारला, आपली भूमिका पारोइतकीच मोठी आहे म्हणून. ते दृश्य बघितलं की तिचं म्हणणं पटतं. कॅमेऱ्याने तिथे दोघींना सारखंच मापलं आहे.

आता 'दो बिघा जमीन'. याच्याबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की नवं काय सांगणार, असं वाटू शकतं. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला गेला, आणि वर्षभराने 'दो बिघा जमीन' आला. इतकं सांगून झालं की आपल्याकडे विषय संपतो. जणू इटलीहून एक चित्रपट आला आणि बंगाल्याने तो हिंदीत उतरवला. पण 'मुक्ती'साठी आसामच्या रानात कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला बाहेर चित्रीकरण करायला इटलीने शिकवलं का? इटलीने त्यांना धीर दिला, हात त्यांचा आधीच तयार होता.

रिक्षाच्या शर्यतीचं दृश्य आठवा. एक रसिक गिऱ्हाईक पुढच्या रिक्षातल्या बाईला गाठायला सांगतं, पैसे वाढवत जातं, आणि शंभू धावतो. बलराज साहनी कलकत्त्याच्या तापलेल्या डांबरावर अनवाणी खरंच रिक्षा ओढायला शिकले, हे आपण कौतुकाने सांगतो. पण कमल बोस यांचा कॅमेरा त्या वेळी काय बघतो? पाय, चाक, वरचा हसरा चेहरा, पुन्हा पाय. शंभू कुणाला दया दाखवायला सांगत नाही, कॅमेराही सांगत नाही. चाक निखळून पडेपर्यंत तो फक्त वेग मोजत राहतो. आणि शेवट. शंभूच्या जमिनीवर गिरणी उठते आहे. कुंपणापलीकडून तो मूठभर माती उचलतो, रखवालदार ती टाकायला लावतो. इथे क्लोज-अप घेऊन डोळ्यांत पाणी दाखवायचा मोह भल्याभल्यांना झाला असता. बिमल रॉय यांनी तिघांना लांब जाऊ दिलं. नवी दुरुस्त प्रत बघायला मिळाली तर तिथे राखाडी रंगाच्या किती छटा आहेत ते बघा. आपण वर्षानुवर्षं झिजलेल्या प्रती बघून हा चित्रपट म्हणजे रखरखीत काळा-पांढरा अशी समजूत करून घेतली होती.

'सुजाता' (१९५९) तर मराठी प्रेक्षकाने आपल्या घरचा म्हणून बघावा असा आहे. सुबोध घोष यांची बंगाली गोष्ट, अस्पृश्य मुलगी ब्राह्मण घरात वाढते ती. आणि त्या घरातल्या बायका बघा कोण: नूतन, सुलोचना, शशिकला, ललिता पवार. चौघीही मराठी! बंगाली घर मराठी अभिनेत्रींनी उभं केलं आहे, आणि तरी ते बंगाली वाटतं. त्यातलं टेलिफोनवरचं 'जलते हैं जिसके लिए' हे गाणं प्रत्येक रसग्रहण शिबिरात दाखवलं पाहिजे. तिकडे सुनील दत्त गातो आहे, आवाज तलत महमूदचा. इकडे नूतन रिसीव्हर कानाला लावून उभी. ती गात नाही, बोलत नाही, फारशी हलतही नाही. हिंदी चित्रपटात गाणं म्हटलं की बाग, झाड, ओढणी. इथे दोन खोल्या आणि एक तार, आणि गाण्याचा सगळा भार ऐकणाऱ्या चेहऱ्यावर टाकलेला. त्या चेहऱ्यावर उजेड कसा पडला आहे हे न बघता त्या गाण्याला नुसतं 'भावपूर्ण' म्हणणं म्हणजे स्वयंपाक न चाखता ताटाचं कौतुक करण्यासारखं आहे.

'बंदिनी'चं सांगायला लागलो तर पत्र आवरणार नाही, म्हणून दोनच जागा. पहिली, 'मोरा गोरा अंग लइ ले'. गुलजार यांचं हे पहिलं चित्रपटगीत, इतकं सगळे सांगतात. पण या गाण्याचा विषय काय आहे? उजेड. प्रियकराला चोरून बघायला निघालेली मुलगी अंगाचा गोरेपणा देऊन टाकायला तयार आहे, कारण चांदण्यात ती दिसेल. चंद्र ढगाआड जावा म्हणून ती त्याला विनवते. असं गाणं चित्रित करायचं म्हणजे पडद्यावर चांदणं हे पात्र होतं. ढग आला की ती पुढे सरकते, चंद्र निघाला की आडोशाला. कवी, संगीतकार, नटी आणि दिवे लावणारा माणूस असे चौघे मिळून ते गाणं झालेलं आहे. आपण तिघांची नावं घेतो.

दुसरी जागा विषाची. नूतनची कल्याणी रुग्णालयात बिकाशच्या, म्हणजे आपल्या जुन्या प्रियकराच्या, बायकोची सेवा करते आहे, आणि त्या बाईचा खरा परिचय तिला नुकताच कळला आहे. चहा करताना तिचा हात विषाच्या बाटलीकडे जातो. बाहेर लोखंडाचं काम चालू आहे, घणाचे ठोके पडताहेत, वेल्डिंगच्या ठिणग्यांचा झोत मधूनमधून येतो आणि नूतनचा चेहरा लख्ख होतो, अंधारतो, पुन्हा लख्ख होतो. पार्श्वसंगीताला रजा दिली आहे. खून करायचा निर्णय एका बाईच्या मनात कसा होतो हे संवादाने सांगायचं म्हटलं तर पानभर स्वगत लागलं असतं. इथे ते ठिणग्यांनी सांगितलं. छायाचित्रणाचं फिल्मफेअर 'बंदिनी'साठी कमल बोस यांना मिळालं, ध्वनीचंही त्याच चित्रपटाला मिळालं, आणि दोन्ही पुरस्कारांचं कारण बहुधा हेच एक दृश्य असावं असा माझा कयास.

इथे तुम्ही अडवाल, आणि अडवायला हवंच. हे सगळं चित्रण कमल बोस यांचं, 'मधुमती'चं दिलीप गुप्ता यांचं. मग त्याचं श्रेय बिमल रॉय कॅमेरामन होते म्हणून त्यांना का द्यायचं? बरोबर आहे. कॅमेऱ्यामागून आलेल्या दिग्दर्शकाचा हा पेच सगळीकडेच दिसतो. ब्रिटिश कॅमेरामन जॅक कार्डिफ यांनी 'ब्लॅक नार्सिसस'साठी ऑस्कर घेतलं, १९६० मध्ये 'सन्स अँड लव्हर्स' दिग्दर्शित केला, तेव्हा कॅमेरा फ्रेडी फ्रान्सिस यांच्या हाती दिला. ऑस्कर फ्रान्सिस यांना मिळालं, आणि पुढे तेही दिग्दर्शक झाले! जाणता दिग्दर्शक दुसऱ्याचा हात धरत नाही, त्याला जागा करून देतो. बिमल रॉय यांनी दिग्दर्शक झाल्यावर तेच केलं. कमल बोस पुढे 'खामोशी'चेही कॅमेरामन, म्हणजे त्यांची स्वतःची नजर होतीच. पण कुठल्या दृश्यात संवाद कापायचा आणि ते काम उजेडावर सोपवायचं, हा निर्णय दिग्दर्शकाचा. तो घ्यायची हिंमत आपल्या कॅमेरामनवर किती भरवसा टाकता येईल हे ठाऊक असलेल्यालाच होते.

याचा उलटा पुरावाही आहे. 'यहुदी' (१९५८) बघा. रोमन पोशाख, मोठाले सेट, सोहराब मोदींचे पल्लेदार संवाद. 'मुशायरा' म्हणून तो ऐकायला बरा. पण चेहऱ्यांना श्वास घ्यायला जागा नाही आणि बिमल रॉय त्यात सापडत नाहीत. त्याच वर्षी त्यांनी 'मधुमती' केला हे खरं वाटत नाही. जिथे शब्द आणि देखावा सगळी जागा अडवतो तिथे त्यांची मात्रा चालत नाही. त्यांच्या कार्यक्रमात 'यहुदी' दाखवायला माझी हरकत नाही, उलट दाखवाच. नुसते उत्तम चित्रपट ओळीने दाखवले की प्रेक्षकाला तुलनाच करता येत नाही.

'मधुमती'बद्दल एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या माणसांना मुद्दाम सांगा. ऋत्विक घटक यांची कथा, कुमाऊंचं जंगल, नैनितालजवळ चित्रीकरण. परत येऊन निगेटिव्ह धुतली तर बराच भाग धूसर निघाला. पुन्हा सगळं युनिट डोंगरावर न्यायला पैसा कुठला? मग कलादिग्दर्शक सुधेंदु रॉय यांनी आपल्या इगतपुरीकडे, वैतरणा धरणाजवळ, सूचीपर्णीची खोटी झाडं उभी केली आणि उरलेलं धुकं आरे कॉलनीत तयार झालं. 'आजा रे परदेसी' या गाण्यासाठी लताबाईंना पार्श्वगायनाचं पहिलं फिल्मफेअर मिळालं. त्या सुरांमागचा डोंगर काही अंशी नाशिक जिल्ह्यातला आहे हे कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल? खरे डोंगर आणि खोटे डोंगर पडद्यावर बेमालूम जुळले याला कारण दिलीप गुप्तांचा कॅमेरा आणि धुकं कुठे दाट हवं, कुठे विरळ, हे जाणणारा दिग्दर्शक. नऊ पुरस्कारांत छायाचित्रणाचा आणि कलादिग्दर्शनाचाही होता.

तर मागण्या.

सैगलच्या 'देवदास'चा किमान अर्धा तास आणि 'मुक्ती'चा काही भाग पहिल्या दिवशी दाखवावा. प्रत खरवडलेली असेल, आवाज फाटका असेल, दहा-बारा जण उठून जातील. जाऊ द्यात. प्रती आणि परवानगी यांची खटपट करावी लागेल हे मला कळतं. त्यासाठी पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, त्यांच्याशी पत्रव्यवहार तुम्ही माझ्यापेक्षा चांगला जाणता.

दुसरं, माहितीपत्रक. जुनी पत्रकं मी जपून ठेवली आहेत. दिग्दर्शक, कलाकार, देश, भाषा, मिनिटं. छायालेखकाचं नाव क्वचित. एका सोसायटीने तर 'बंदिनी'च्या पत्रकात प्रायोजक मिठाईवाल्याचं नाव ठळक अक्षरात घेतलं होतं, कमल बोस मात्र शोधूनही सापडले नाहीत. (पेढे उत्तम होते, हे मान्य.) जगाच्या चित्रपटांना आपण हा न्याय लावतो का? बर्गमनचा चित्रपट असला की त्याचा कॅमेरामन निक्विस्टचं नाव घेतोच. २००८ चा फाळके पुरस्कार व्ही. के. मूर्तींना जाहीर झाला तेव्हा तो मिळवणारे ते पहिले छायालेखक म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. नितीन बोस यांना तो १९७७ चा मिळाला होता, पण ते कॅमेरामनही होते हे तोवर आपण विसरून गेलो होतो.

तिसरं, वक्ते. दरवेळी समीक्षकालाच बोलवायचं असं कुठे लिहिलं आहे? या वेळी एक तास एखाद्या कॅमेरामनला द्या. गोविंद निहलानी मूर्तींचे साहाय्यक होते, मराठी 'शांतता! कोर्ट चालू आहे' त्यांनी चित्रित केला, आणि 'आक्रोश' दिग्दर्शित करताना ओम पुरीच्या पात्राला चित्रपटभर जवळजवळ गप्प ठेवलं. ही शांतता कुठल्या परंपरेतून येते? 'देऊळ' आणि 'सैराट'चे कॅमेरामन सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी २०१८ मध्ये 'नाळ' केला तेव्हा त्या मुलाला आईबद्दल काय वाटतं हे बोलून दाखवायची घाई त्यांनीही केली नाही. अशा कुणाला तरी पडद्यासमोर उभं करा, 'सुजाता'तलं टेलिफोनचं गाणं थांबवून थांबवून लावा, आणि विचारा: दिवा कुठे ठेवला असेल? सावली त्या गालावरच का? श्रोत्यांमधला एखादा विद्यार्थी तरी घरी जाऊन टेबललॅम्प इकडून तिकडे हलवून बघेल.

शिबिरवाल्यांना आणखी एक. तुम्ही विद्यार्थ्यांना 'दो बिघा जमीन'वर निबंध लिहायला सांगता आणि ते शेतकरी, सावकार, स्थलांतर यांवर लिहितात. लिहू द्यात, विषय आजही जिवंत आहे. पण सोबत एक पान असं मागा की ज्यात कथा सांगायची नाही, फक्त एका प्रसंगात उजेड कुठून येतो आणि कॅमेरा किती उंचीवर आहे एवढंच लिहायचं. सुरुवातीला पोरं गडबडतील. मग कुणाच्या तरी लक्षात येईल की गावातल्या शंभूकडे बघताना आणि शहरातल्या शंभूकडे बघताना आभाळाला मिळालेली जागा सारखी नाही.

कार्यक्रमाच्या तारखा ठरल्या की कळवा. माहितीपत्रकासाठी एक पान मजकूर मी विनामूल्य लिहून देईन, कमल बोस, दिलीप गुप्ता आणि सुधेंदु रॉय यांच्या नावांसकट. प्रायोजकाची जाहिरात मागच्या पानावर घेतलीत तर बरं.

आपला,
तिसऱ्या रांगेत कडेला बसणारा एक जुना सभासद